नळावरचा नंबर

पटो न पटो, हे घडलेलं आहे. आमच्या आत्याच्या बाबतीत, तिच्याच गल्लीत, दिवेलागणीला. थापा मारणं तिला कधी जमलंच नाही.

त्या गल्लीत आधी नळ आला, मग घरं. नियमही तेव्हापासूनचा. भांडं ठेवलं की नंबर लागला. दुसऱ्याच्या भांड्याला हात लावायचा नाही.

पुढे जुनी माणसं एकेक करून गेली. उरलेल्यांना बिल्डरने हलवलं. पडदे शिवणारी आत्या तेवढी हलेना.

मग नळाचं पाणी तोडलं.

"पाण्यावाचून किती दिवस काढाल, मावशी?" पाडकामाचा मुकादम हसला.

"तुम्ही थकाल तोवर."

त्या संध्याकाळी तिने हट्टाने कोरड्या नळाशी बादली ठेवली.

अंधार पडता पडता कड्या वाजल्या... बादल्यांच्या.

पावलं मात्र नाहीत.

सकाळी तिची बादली काठोकाठ भरलेली. पण जागेवरून मागे सरकलेली. तिच्यापुढे फरशीवर ओली वर्तुळं... बादल्या उचलल्यावर राहतात तशी. मध्येच एक चौकोन. गल्लीतल्या बेकरीवाल्याच्या पत्र्याच्या डब्याचा.

बेकरीवाल्याला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

 तरी आत्याने पाणी घरात नेलं.

"शेजाऱ्यांचंच आहे," म्हणाली.

रोज पाणी मिळे. रोज पुढचं एक वर्तुळ कमी होई.

एका सकाळी पुढे कुणीच उरलं नाही. पहिला नंबर तिचा. पाण्याचा, की त्या गेलेल्यांमागे जायचा... विचारणार कुणाला?

तेवढ्यात मुकादम आला. भरलेली बादली पाहून त्याचं डोकंच फिरलं. लाथेने ती लवंडली आणि घाम पुसायला हेल्मेट काढून नळाखाली ठेवलं.

"उचला ते," आत्या म्हणाली. "इथे ठेवलं की नंबर लागतो."

"लागू दे की. उद्या तुमच्या घराचा लावतो."

जाताना हेल्मेट तिथेच विसरला.

दुसऱ्या दिवशी ते पाण्याने भरलेलं होतं.

मुकादम आला नाही. परत कधीच नाही. त्याच्या घरचे शोधत येऊन गेले. पाडायचं यंत्र अजून गल्लीच्या तोंडाशी गंजत उभं आहे.

आत्या तिथेच राहते. रोज स्वतःची बादली नळापासून लांब, रांगेच्या शेवटी नेऊन ठेवते.

काल ती वळली आणि मागे कडी वाजली...

बादली पुन्हा पहिली.

तिने ती उचलली. रांगेच्या शेवटी नेऊन आपटली.

"हलणार नाही म्हटलं ना," ती रिकाम्या गल्लीला म्हणाली. "ज्याला घाई आहे त्याने व्हावं पुढे."