रानकोंबडीची ऊब

अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून मी बदलापूरला, हेंद्रेपाड्यात राहतो. गेल्या मार्चमधली गोष्ट. डोंगराला वणवा लागून गेला होता. वाचलेल्या पाखरांना पाणी ठेवावं म्हणून मातीची भांडी घेऊन एका सकाळी वर चढलो. सोबत पायथ्याच्या गावातला शेतकरी बुधाजी होता.

वर सगळं काळं पडलं होतं. पायाखाली राख चुरचुरायची. एक घोरपड दगडाच्या फटीत अर्धी शिरून तशीच राहिली होती. पुढे दोन ससे. एकही पाखरू बोलत नव्हतं.

करवंदीच्या जळक्या जाळीत रानकोंबडी बसलेली दिसली. पंख पसरलेले, पार कोळसा. काठी लागताच तिचा चुरा झाला. खाली चार अंडी होती, अगदी धड. मी हात लावला.

"बुधाजी, आग विझून किती दिवस झाले?"

"चार दिस."

"अंडी गरम आहेत..."

तो जाळीशी खाली बसला. "सायेब, भाताच्या वाफ्यासाठी राब भाजत व्हतो, पालापाचोळा पेटवून. वारा सुटला न् आग डोंगराला लागली. मीच लावली... कुनाला बोललो नाय."

मी अंडी रुमालात बांधून घरी आणली. बायकोने, सुनेत्राने, खोक्यात कापूस घालून वर बल्ब लावला. वन खात्यात फोन केला. 'पिल्लं निघालीच तर न जळलेल्या झाडीत सोडा,' म्हणाले.

शुक्रवारी सकाळपासून लाइट नव्हते. दुपारी सुनेत्राने मला हाक मारली.

"अहो, बल्ब कधीचा बंद आहे, तरी ऊब आहे. आणि हा वास... जळक्या पिसांचा. तुम्हाला येतोय?"

येत होता.

संध्याकाळपर्यंत चारही पिल्लं बाहेर आली. खोक्याच्या एकाच कोपऱ्यात, कुणाच्या तरी पोटाखाली शिरावं तशी, दाटीवाटीने बसायची.

आठवड्याने त्यांना सोडायला गेलो. बुधाजी आपणहून आला. ओढ्याकाठची झाडी वाचली होती. तिच्या अलीकडे राखेचा पट्टा होता, वाऱ्याने सारवल्यासारखा कोरा. मी खोकं आडवं केलं. पिल्लं एका रांगेत चालू लागली.

त्यांच्या पुढे राखेत तीन बोटांचा ठसा उमटला. मग दुसरा. मग तिसरा.

"दिसतंय का तुमाला..." बुधाजी पुटपुटला.

"हो."

पिल्लं झाडीत शिरली. ठसे मात्र काठाशी थांबले, वळले आणि सावकाश आमच्याकडे येऊ लागले. मी बुधाजीची बाही ओढली. तो हलला नाही.

"येऊ द्या तिला," तो म्हणाला आणि त्याने हात जोडले.

ठसे त्याच्या पायांशी येऊन थांबले. पुढे काहीच घडलं नाही. ऊन चढलं, तसे आम्ही खाली उतरायला लागलो. निघताना मी तीनदा मागे वळून नीट पाहिलं.

परत जाणारे ठसे राखेत कुठेच नव्हते.