एकशे त्रेचाळीस होकार

बोरीढाण्याच्या शाळेत सुनावणीला आता दुभाषा लागत नसे. टेबलावरच्या तळहाताएवढ्या यंत्राला सगळे ‘बोलका’ म्हणत. माणूस कोरकूत बोलला, की बोलका त्याचं उत्तर मराठीत नोंदवी. धरणासाठी गाव सोडायला तयार आहात का, या प्रश्नाला त्याने एकशे त्रेचाळीस घरांचं ‘होय’ नोंदवलं होतं.

गावातल्या म्हाताऱ्या सुगरती कास्देकर म्हणाल्या, मी असं बोललेच नाही. शाळेतल्या धिकार गुरुजींनी त्यांच्या वतीने बोलका बनवणाऱ्या कंपनीला पत्रं लिहिली. चौथ्या पत्रानंतर पुण्याहून कंपनीची प्रोग्रॅमर अन्वया टिळेकर आली. तिने यंत्रातलं सुगरतींचं ध्वनिमुद्रण गुरुजींना ऐकवलं.

“आजी विचारतायत, आमच्या मेलेल्या माणसांच्या नावाने पुरलेले खांब सोबत कसे न्यायचे,” गुरुजी म्हणाले. “यात होय कुठे आहे?”

अन्वयाने कोड उघडला. बोलका दुसऱ्या खोऱ्यातल्या कोरकूवर शिकवलेला होता. इथली बोली त्याला कळतच नव्हती. अशा अडचणीला संगणकाच्या भाषेत ‘अपवाद’ म्हणतात; तो वर कळवायचा असतो. पुढचं मग माणूस ठरवतो. इथे अपवाद गुपचूप गिळून यादीतलं पहिलं उत्तर पाठवलं जात होतं. पहिलं उत्तर होतं ‘होय’. एकशे त्रेचाळीसही वेळा हेच घडलं होतं.

हे जिच्यात घडत होतं ती लायब्ररी, म्हणजे कुणीही उचलून वापरावा असा तयार कोड, नऊ वर्षांपूर्वी अन्वयानेच लिहिली होती. प्रोग्रॅम मध्येच बंद पडतो, अशा तक्रारी तेव्हा येत. अपवाद गिळणाऱ्या तीन ओळी तिने घातल्यावर तक्रारी थांबल्या होत्या.

दुपारपर्यंत तिने त्या ओळी काढल्या, म्हणजे न कळल्यास बोलका तसं सांगेल, आणि पुनर्वसन अधिकारी शेंडे यांना सगळं सांगितलं.

“मॅडम, गाव हलवायचा आदेश निघालाय,” ते म्हणाले. “फेरसुनावणीचा अर्ज आज साडेपाचपर्यंत घेता येईल. पण तो अर्जदाराच्या आवाजात लागतो. याच यंत्रावर.”

“गुरुजी भाषांतर करतील.”

“माणसाने केलेलं भाषांतर पोर्टल घेत नाही.”

सुगरती यंत्रासमोर बसल्या, बराच वेळ बोलल्या. पडद्यावर अक्षरं उमटली : ‘उत्तर समजले नाही.’ त्या पुन्हा बोलल्या, सावकाश. पुन्हा तेच. साडेपाचला शेंड्यांनी ‘अर्ज नाही’ असा शेरा मारला.

सुगरतींनी गुरुजींना काही विचारलं.

“आज याला समजत नाही. मग त्या दिवशी समजलं होतं का, असं विचारतायत.”

अन्वयाने नकारार्थी मान हलवली.

सुगरती तिच्याकडे बघत आणखी एक वाक्य बोलल्या. गुरुजींनी ते मराठीत सांगितलं.

“मग तेव्हा यंत्र गप्प का नाही बसलं?”