पाचव्या मुलीचं संमतिपत्र

हा माते चहा घ्या, गरम आहे. आणि मध्ये बोलू नका, कारण ही गोष्ट सांगताना माझं डोकं अजून फिरतं. भीती नंतर वाटते, आधी राग येतो.

सुरुवात एका फालतू कामाने झाली. बुधवारी सकाळी मी शाळेच्या ऑफिसात चार संमतिपत्रं स्कॅन करायला बसले होते. राजधानीत दरवर्षी शाळकरी मुलांच्या लघुपटांची स्पर्धा होते. पाच मिनिटांचा सिनेमा, मुलांनीच लिहायचा, मुलांनीच काढायचा, आणि नियमांची मात्र पंधरा पानं! पडद्यावर जे मूल दिसेल, किंवा ज्याचा आवाज ऐकू येईल, त्याच्या पालकांची सही हवी. चार मुलं, चार सह्या. मुदत शुक्रवारी पाचपर्यंत. मी निवांत होते.

सिनेमा आयलेनचा. शेवटच्या वर्षाची माझी विद्यार्थिनी, जिभेने तिखट, कामाला वाघ. पहिल्या नंबराला राजधानीतल्या सिनेमाच्या शाळेत फुकट प्रवेश असतो. तो हुकला तर डिसेंबरात शाळा संपली की ती आईशेजारी उभी राहून संत्र्यांच्या पेट्या भरणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

विषय आमच्याच जुन्या गावाचा. धरण झालं तेव्हा ते पाण्याखाली गेलं आणि सगळे वर टेकाडावर राहायला आलो. यंदा पाऊसच नाही, त्यामुळे जुन्या शाळेच्या पायऱ्या चिखलातून वर आल्या. त्यांच्यावर ब्रूनो आणि आणखी तिघं, अशी चार मुलं बसवायची, शाळेच्या गणवेशाचे पांढरे कोट घालून. मी कॅमेऱ्यामागून जुन्या हजेरीतली नावं वाचायची, त्यांनी "हजर" म्हणायचं. बस, एवढंच.

शेवटचं नाव घालायची अक्कल माझी. ओफेलिया इन्साउर्राल्दे, इयत्ता तिसरी. पाणी चढायच्या आदल्या वर्षी ही पोर भर दुपारी नदीवर गेली, ती सापडलीच नाही. आमच्याकडे चौकातल्या सभेत कुणी मेलेल्या माणसाचं नाव घेतलं, की सगळे मिळून "हजर!" ओरडतात. मानाने ओरडतात. मीही शंभरदा ओरडलेय. म्हणून मुलांना सांगितलं, हे नाव आलं की चौघांनी एकदम ओरडायचं. चौकातली गोष्ट वेगळी, आणि तिच्याच शाळेच्या पायरीपुढे बाईने हजेरीपुस्तक उघडून नाव घेणं वेगळं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

शूटिंग आयलेनने आदल्या आठवड्यात दुपारी दोनला ठेवलं होतं. सगळं गाव वामकुक्षीत, एकही मोटरसायकल नाही, आवाज स्वच्छ मिळतो म्हणे. लहानपणी आई मला त्या वेळी अंगणातसुद्धा सोडायची नाही. "न झोपणाऱ्या पोरांना ती घेऊन जाते," म्हणायची. ती कोण, ते तिने कधी सांगितलं नाही. ऊन असं, की सावल्या पायाखाली गेलेल्या. चिखलाला कुजका, गोडसर वास येत होता. मी ओफेलियाचं नाव वाचलं, मुलं ओरडली, आणि आयलेनने हात वर केला. आता अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. जागेची नुसती शांतता माइकमध्ये भरून घ्यायची, ही सिनेमावाल्यांची पद्धत. तेवढा वेळ झाडावरचे किडेसुद्धा बंद झाले. आयलेन खूश!

तर बुधवारी दुपारी स्पर्धेचं उत्तर आलं. "पडद्यावर मुले पाच, संमतिपत्रे चार."

मी मोजली. चार. तसं कळवलं. गुरुवारी सकाळी पुन्हा तेच. मग मात्र मी फोन लावला. देल्फिना नावाच्या बाईने उचलला, आवाजावरूनच वैतागलेली.

"अहो, चारच आहेत!" मी म्हटलं. "एकोणीस वर्षं शिकवतेय, मोजता येतं मला."

"मलाही येतं, बाई. पाच पांढरे कोट आहेत. दुसऱ्या पायरीवर, डावीकडे. केस ओले आहेत तिचे."

"दुसऱ्या पायरीवर कुणीही नाही!"

"मग माझ्याकडे कोण बघतंय?" असं म्हणून तिने फोन ठेवला.

आयलेनने दात-ओठ खात तो शॉटच काढून टाकला, नुसते चेहरे ठेवले आणि सिनेमा पुन्हा पाठवला. शुक्रवारी सकाळी उत्तर. "पाचवी मुलगी आता ब्रूनोच्या खांद्यामागे आहे. कृपया आमचा वेळ वाया घालवू नये."

"आमचा वेळ म्हणे!" आयलेनने माउस आपटला. "ही बया मुद्दाम करतेय, बाई. गावाकडची शाळा ना आपली, कोण विचारतंय!"

मलाही तेच वाटत होतं. सकाळभर आयलेनने एकेक चित्र थांबवून पाहिलं. ब्रूनोच्या खांद्यामागे नुसतं पाणी. मग तिने हेडफोन लावून त्या अर्ध्या मिनिटाची शांतता ऐकली. हेडफोन काढून तिने माझ्यापुढे धरला.

चौघांचा "हजर!" ऐकू आला. मग काही नाही. मग… माइकच्या अगदी जवळ, धापा टाकत, वर्गात उशिरा आलेली पोर बोलते तसं…

"हजर, बाई."

मी हेडफोन उतरवून लांब ठेवला. पण घड्याळात दोन वाजून गेले होते, आणि सही पालकाची हवी होती. ओफेलियाची आई अजून जिवंत होती. एउसेबिया आजी, नव्वदीची. जुन्या गावातून सगळ्यांत शेवटी निघालेली तीच. पाणी उंबऱ्याला लागलं तरी हटत नव्हती. पोर परत आली तर कुणाला शोधेल, म्हणायची.

आम्ही तिच्या स्वयंपाकघरात बसलो. मी कशीबशी सगळी हकीकत सांगितली. वाटलं, आता हाकलून देईल. तिने फक्त विचारलं, "कशी दिसते?"

"आम्हाला दिसत नाही, आजी," आयलेन म्हणाली.

"दाखव बरं मला."

आयलेनने फोनवर सिनेमा लावला. म्हातारीने तो नाकाला लावून पाहिला, पुन्हा लावायला सांगितला, पुन्हा पाहिला. मग बोट पडद्यावर ठेवलं, ब्रूनोच्या खांद्यामागे, जिथे आम्हाला नुसतं पाणी दिसत होतं.

"कोट आखूड झालाय तिला," ती म्हणाली.

मग तिने संमतिपत्र घेतलं, हळूहळू वाचलं, आणि "नाही"च्या चौकटीत फुली मारली.

"आजी!" आयलेनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "अहो, माझं सगळं बुडेल! नुसती सही तर मागतोय!"

"तुझ्या सिनेमासाठी माझी पोर त्या पायरीवर बसून राहणार? नाही." तिने माझ्याकडे पाहिलं. "हजेरी तुम्ही घेतलीत ना, बाई? मग शाळा सोडलीत का?"

 खरंच, सोडली नव्हती. हजेरीपुस्तक मिटलं होतं आणि सामान गाडीत टाकलं होतं.

"मग सोडा."

असा संताप आला होता मला! त्या देल्फिनाचा, पंधरा पानी नियमांचा, स्वतःचा. फोनकडे तोंड करून, वर्गात लावते तो आवाज लावून मी म्हटलं, "शाळा सुटली, ओफेलिया. सरळ घरी जा." आयलेन माझ्याकडे बघत राहिली. म्हातारी उठली आणि दुधाचं भांडं चुलीवर ठेवायला लागली.

आम्ही शाळेत परतलो. आयलेन बाकावर डोकं टेकून रडत होती. पाचला दहा कमी असताना फोन वाजला.

"तुम्ही नवीन फाइल पाठवलीत का?" देल्फिना. आवाज बारीक झाला होता.

"नाही."

"आता चारच आहेत. चार मुलं, चार सह्या… स्वीकारलाय तुमचा सिनेमा." तिने फोन ठेवला. आयलेन बाकावरून उडाली, माझ्या गळ्यात पडली, हसता हसता रडली. खरं सांगते, त्या क्षणी मला बाकी कशाचीही पर्वा नव्हती.

शनिवारी बेकरीतून बिस्किटांचा पुडा घेतला आणि आजीला बातमी द्यायला निघाले. बेकरीवालीने गप्पांत अडकवलं, पोचेपर्यंत दोन वाजले. रस्त्यावर चिटपाखरू नाही, सगळ्या खिडक्या बंद. मी दार वाजवलं. आजीने ते बोटभर उघडलं. आत काळोख होता आणि उतू गेलेल्या दुधाचा वास.

"आजी, सिनेमा घेतला त्यांनी! आयलेनचं काम…"

"हळू बोला, बाई," ती कुजबुजली. असा आनंद मी तिच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. "आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."

तिच्या मागे, खोलीत, कुणीतरी संथ श्वास घेत होतं. मोठा, जड श्वास. लहान मुलाचा नव्हे.

आणि तेवढ्यात माझ्या पाठीशी, भर उन्हातल्या रस्त्यावरून, धापा टाकत, हेडफोनमध्ये ऐकलेल्या त्याच आवाजात कुणीतरी म्हणालं…

"आई, मी इथे आहे."

आजीला ऐकूच गेलं नाही. तिने हसून मान हलवली, दार लावलं आणि आतून कडी घातली.