डाव्या हाताची सोळा बटणं

कीबोर्ड की कीपॅड, हा प्रश्न स्वरदाला पहिल्या दिवशी अगदी सरळ वाटला होता. दोन वस्तू, एक हात, एक घड्याळ. जिच्यावर चुका कमी होतील ती घ्यायची.

दोन्ही वस्तू टेबलावर शेजारी शेजारी होत्या. कीबोर्ड नेहमीचाच, एकशे चार बटणांचा, दाबला की टकटक वाजणारा. कीपॅड म्हणजे त्याचाच डावा कोपरा तोडून हाताच्या बाकात बसवावा तसा. तळहाताला उशी, अंगठ्याला छोटी दांडी, आणि चार बोटांसाठी चार उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन बटणं. शिवाय करंगळीच्याही पलीकडे, अगदी कडेला, चार जादा. एकूण सोळा. गेम खेळताना उजवा हात माउसवर नेम धरतो. पळणं, वाकणं, वळणं हे सगळं डाव्या हाताचं काम.

आणि ज्याच्यासाठी ही निवड चालली होती, त्या हनुमानच्या डाव्या हाताला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं.

हनुमान मूळचा देवगाव रंगारीचा, मेंढरामागं वाढलेला. एकोणीसच्या दुष्काळात, चौदा वर्षांचा असताना, चारा छावणीत कडबाकुट्टीच्या यंत्रात वैरण सारताना बोटं गेली. त्या साली मेंढरं विकली आणि माय-लेक शहरात, मुकुंदवाडीत स्टेशनामागं एका खोलीत येऊन राहिले. आई, म्हाळसाबाई, नव्या उठणाऱ्या इमारतींवर पाट्या वाहायची. हनुमान सिडकोत, कॅनॉटच्या मागच्या गल्लीतल्या गेमिंग कॅफेत साफसफाईला लागला आणि दोन वर्षांत तिथल्या सगळ्यांना हरवू लागला. तीन बोटांनी.

कॅफे श्रीनिवासचा. स्वरदा त्याची आतेबहीण. विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्समध्ये एमएस्सी झालेली आणि नोकरीच्या परीक्षांच्या मधल्या काळात कॅफेतली यंत्रं सांभाळणारी. चोवीसचा मे महिना होता. नळाला आठव्या दिवशी पाणी येत होतं, गल्लीत टँकरची रांग होती, आणि रविवारी शहरात पुण्याच्या एका गेमिंग संघाची निवड स्पर्धा होती. निवड झाली तर दोन वर्षं पुण्यात राहणं, जेवण, पगार. नाही झाली तर सोमवारपासून हनुमान आईबरोबर बिडकीनला मातीकामाच्या टोळीत जाणार होता. मुकादमाला तसा शब्द दिलेला होता.

नियम साधे होते. कोणत्या साधनावर खेळणार ते शनिवारी पाचपर्यंत कळवायचं. नंतर बदल नाही. बटणांची मांडणी बदललेली असेल तर जाणकार माणसाच्या सहीचा दाखला लागेल: प्रत्येक बटण खेळाडूच्या स्वतःच्याच बोटानं दाबलं जातं. लोक बटणांत आधीच भरून ठेवलेल्या चाली घेऊन येत, म्हणून ही अट.

बुधवारी स्वरदानं दोन्हींवर हनुमानला शंभर-शंभर ठरलेल्या हालचाली करायला लावल्या. कीबोर्डवर सतरा चुका. पळायचं बटण करंगळीखाली, डावीकडं जायचं तिच्या शेजारच्या बोटाखाली. तिथपर्यंत मधलं बोट न्यावं लागे आणि तेवढ्यात उशीर होई. कीपॅडवर तिनं सगळी कामं अंगठा आणि दोन बोटांच्या ओळींवर आणली, डावीकडच्या दोन ओळी आणि कडेची चार बटणं मोकळी सोडली. चुका अकरा.

"अकरा म्हणजे अजून जास्तच आहेत," ती म्हणाली. "पण कीबोर्डपेक्षा बरं."

"ताई, याच्यावर हात ठिवला ना, की भरल्यावानी वाटतो," हनुमान कीपॅडवरून हात न उचलता म्हणाला.

"भरल्यासारखा म्हणजे?"

"म्हंजी... पुरा."

घरी गेल्यावर तिनं दाबांची नोंद उघडली. मोकळ्या सोडलेल्या दोन ओळींत दोनशे चाळीस दाब होते.

तिला नवल वाटलं नाही. स्विच खराब असला की एकदा दाबलेलं बटण दोनदा लागतं, हे रोजचंच. पण तसे खोटे दाब चार-पाच मिलिसेकंदांचे असतात. हे नव्वद, शंभर, एकशेदहा होते. माणसाचं बोट बटणावर जेवढं टेकतं तेवढे.

गुरुवारी तिनं दुसरा, नवा कोरा कीपॅड खोक्यातून काढला. तेच. हनुमानला बाहेर चहाला पाठवून कीपॅड चाळीस मिनिटं नुसता चालू ठेवला. शून्य. स्वतःचा हात ठेवून दोन बोटं दुमडून पाहिली. शून्य. श्रीनिवासचा हात ठेवला.

"हे काय, हात पाहायला बसलीस काय?" तो म्हणाला. "माझं लग्न कधी होईल ते पण सांग."

शून्य.

हनुमान परत आला, बसला, हात ठेवला. पडद्यावर आकडे सरकू लागले.

तिनं मोबाईलचा टॉर्च लावून बाजूनं उजेड पाडला आणि वाकून पाहिलं. करंगळीच्या ओळीतलं वरचं बटण दोन मिलिमीटर खाली गेलं, क्षणभर थांबलं, वर आलं. मग मधलं. मग खालचं. मग शेजारच्या ओळीतली तीन, त्याच क्रमानं. त्यांच्यावर उजेड होता. दुसरं काही नव्हतं. तिनं स्टीलची पट्टी घेतली आणि खाली गेलेल्या बटणाच्या वरून हळूच फिरवली. पट्टी कुठंही अडली नाही. बटण खालीच होतं.

श्रीनिवास खुर्चीत बसला.

"कवापास्नं चाललंय हे?" हनुमाननं विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता, पण हात त्यानं उचलला नाही.

"तुला काही जाणवतंय?"

"गार लागतंय. बाकी काय नाय."

शाळेत पहिल्यांदा दुर्बिणीतून शनीची कडी पाहिली तेव्हा स्वरदाला असंच झालं होतं. पुस्तकात वाचलेलं खरंच तिथं असतं, आणि आपण पाहत नसतानाही असतं. इथं पुस्तक नव्हतं एवढंच. भीती वाटायला हवी होती. तिला मोजायची घाई झाली होती. तिनं वहीत लिहिलं: सहा दाब, मग तेवढ्याच वेळाचा खंड, मग पुन्हा सहा. एकदाही क्रम चुकत नव्हता.

शुक्रवारी दुपारी म्हाळसाबाई डबा घेऊन आली. हातांवर सिमेंटची पांढरी पूड होती. टेबलाभोवती तिघं कीपॅडकडं टक लावून बसलेले पाहून ती दारातच थबकली.

"काय केलं यानं? काय मोडलं का?"

"नाही मावशी. या ना. हे बघा फक्त."

म्हाळसाबाई वाकली. बटणं खाली-वर होत होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ पाहत राहिली. मग तिचा अंगठा आपोआप तिच्याच करंगळीच्या पेरांवर फिरू लागला. एक, दोन, तीन. शेजारच्या बोटावर चार, पाच, सहा. बटणांच्या बरोबरीनं.

"मोजतोय त्यो," ती म्हणाली.

"काय मोजतोय?"

"मेंढरं. वाघरात, जाळीच्या कुंपणात घेताना आमी असंच मोजतो बाई. एका हाताची बारा पेरं झाली की दुसऱ्या हातावर एक धरायची." तिनं स्वरदाचा हात धरून पेरं दाखवली. "ह्या दोन बोटांची सहा. पुढची सहा यायला थांबतोय. पुढची बोटं तर ह्याच्यापाशी हायत."

हनुमाननं विचारलं, "आये, ही माझीच हायत का?"

म्हाळसाबाईनं त्याच्या हाताकडं पाहिलं नाही. बटणांकडं पाहिलं. "वरून मोजतंय ना, शेंड्याकडनं. सगळी बुडाकडनं मोजत्यात. तुला किती डाव सांगितलं तरी तू वरूनच धरायचा." तिचे डोळे भरून आले आणि ती हसलीही. "तुझीच हायत रं. अजून तशीच येडी हायत."

ती गेल्यावर श्रीनिवासनं आधी दार लावलं.

"स्वरदा, एक बोलू? त्या दोन ओळी मोकळ्या कशाला ठेवायच्या? पळायचं आणि डावीकडं जायचं तिकडं देऊन टाक."

"वेडा आहेस का?"

"अरे यार, त्याचीच बोटं आहेत. त्याची आई ओळखून गेली. आणखी काय आधार कार्ड पाहिजे?"

"आणि दाखल्यावर काय लिहू?"

"जे नियमात आहे तेच. स्वतःची बोटं."

हनुमान दोघांकडं पाहत होता. "ताई, कीबोर्डवर खेळतो मी. तुमाला खोटं लिवाया नको." मग कीपॅडकडं पाहत म्हणाला, "पर एकदा बघू द्या. नुसतं बघू द्या."

स्वरदानं मांडणी बदलली. दोन ओळींना कामं दिली. मोजणी थांबली. दोन-तीन मिनिटं काहीच झालं नाही. मग हनुमाननं गेम सुरू केला आणि त्या ओळी हलू लागल्या.

ती नंतर कधी कुणाला सांगायला गेली असती तर तिला एवढंच सांगता आलं असतं की तिनं एक हात पूर्ण होताना पाहिला. आधी अडखळत, पाच वर्षांनी भेटलेली माणसं चालतात तसा, एकमेकांची चाल आठवत. आणि अर्ध्या तासानं असा, की पडद्यावरचा माणूस भिंतीवरून पाण्यासारखा वाहत गेला. पळणं, वळणं, वाकणं यांच्यामध्ये फट उरली नाही. हनुमान रडत होता आणि खेळत होता. शंभर हालचालींत चूक एकही नाही.

रात्रभर ती विचार करत राहिली. तिच्याकडं पुरावा होता: फक्त हनुमानच्या हाताशीच होतं, त्याच्या मोजण्याच्या सवयीनं होतं, आई ओळखत होती. तीन निरीक्षणं, एकच निष्कर्ष. शनिवारी पाचला वीस मिनिटं असताना तिनं दाखल्यावर कीपॅड असं लिहिलं, आणि खाली: प्रत्येक बटण खेळाडूच्या स्वतःच्याच बोटानं दाबलं जातं. सही केली. तिला ते खरं वाटत होतं.

स्पर्धा एका कॉलेजच्या सभागृहात होती. आठ खेळाडू, आठ टेबलं. दाखला देणाऱ्यानं आपल्या खेळाडूच्या मागं उभं राहायचं आणि काही वावगं दिसलं तर हात वर करायचा. हात वर झाला की खेळ थांबणार, आणि तो खेळाडू बाद. म्हाळसाबाई तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीत, धुतलेलं लुगडं नेसून बसली होती. तिच्या शेजारी श्रीनिवास नखं खात होता.

पहिली फेरी हनुमाननं सहज काढली. दुसरीही. पंच येऊन त्याच्या हाताकडं वाकून पाहून गेले. अंगठा आणि दोन बोटं एवढ्या वेगानं फिरत होती की बाकीची बटणं कोण दाबतंय हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. लोकांना तीन बोटांचा चमत्कार दिसत होता.

तिसऱ्या फेरीत तो शत्रू दिसायच्या आधी वळू लागला.

स्वरदानं पडद्यावरची नजर काढून कीपॅडवर आणली.

तर्जनी तिच्या ओळीत. मधलं बोट त्याच्या ओळीत. तिसऱ्या ओळीतलं एक बटण खाली. चौथ्या ओळीतलं एक खाली.

आणि कडेचं एक खाली.

करंगळीच्याही पलीकडची ती चार बटणं. त्यांना तिनं कसलंच काम दिलं नव्हतं.

टेबल हललं असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पुन्हा मोजलं. अंगठा दांडीवर. दोन बोटं दिसणारी. दोन न दिसणारी. पाच. हात पाच बोटांचाच असतो.

कडेचं बटण खालीच होतं.

ते वर आलं. हनुमान वळला. पुन्हा खाली गेलं. हनुमान वाकला, आणि त्याच जागी, एका श्वासानंतर, समोरून गोळ्या गेल्या. त्याच्या डोक्यावरून.

तिचा हात कमरेपासून वीतभर वर आला.

तिसऱ्या रांगेत म्हाळसाबाई पदराचं टोक मुठीत धरून पडद्याकडं पाहत होती. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. पोरगं जिवंत आहे एवढं कळत होतं.

स्वरदानं हात खाली घेतला.

फेरी संपली. सभागृह उठून टाळ्या वाजवू लागलं. पुण्याचे दोघं पुढं आले. एकानं हनुमानच्या पाठीवर थाप मारली, दुसऱ्यानं कागद पुढं केला. हनुमान खुर्चीतून उठला, आईकडं वळला, आणि त्यानं दोन्ही हात जोडले.

हात उचलताच तिसऱ्या आणि चौथ्या ओळीतली बटणं वर आली.

कडेचं खालीच राहिलं.

टेबलाजवळ आता कुणी नव्हतं. स्वरदा होती, चार पावलांवर. टाळ्या चालू होत्या.

मग तेही सावकाश वर आलं, आणि त्याच्या शेजारचं खाली गेलं.