भिंतीवरचे दाढीवाले गृहस्थ

थोरलीला धाकट्या जावेचा हेवा वाटायचा, आणि ती तो लपवायच्या भानगडीत पडत नसे. दारावरच्या पितळी पाटीवर धाकटीचं नाव होतं, खाली ‘खासगी तपास’. ती पाटी रोज पुसायची मात्र थोरलीनं.

“एकाच घरात सुना म्हणून आलो आपण,” ती म्हणायची. “अक्कल वाटताना तुलाच बरी जास्त मिळाली!”

“तुम्ही तेव्हा स्वयंपाकघरात होतात, जाऊबाई.”

त्या दुपारी पाटी पुसता पुसता थोरली वळली, तर मागे एक बाई उभी. चेहरा टीव्हीवरचा. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या आणि बनावट व्हिडिओंविरुद्ध कायदा व्हावा म्हणून गावोगाव बोलणाऱ्या भूगोलबाई त्या. आज मात्र त्यांचा आवाज फुटत नव्हता.

“उद्या सकाळी विधेयकाच्या समितीपुढे माझी साक्ष आहे,” त्या आत येऊन म्हणाल्या. “एआयनं एखादीचा चेहरा नको त्या शरीरावर चिकटवला, तर तो व्हिडिओ एका दिवसात उतरवायचा आणि करणाऱ्याला शिक्षा द्यायची, असा कायदा. आणि काल माझाच तसला व्हिडिओ समितीच्या प्रत्येक सदस्याला गेला. शाळेतल्या पालकांनाही.”

“पोलीस काय म्हणतात?” धाकटीनं विचारलं.

“तक्रार घेतलीय. वेळ लागेल म्हणाले. पण त्यात मागे माझी खोली दिसते हो, माझ्या घरातली! म्हणजे कुणीतरी जवळचंच आहे. कोण ते कळल्याशिवाय मी उद्या तोंड उघडू शकणार नाही. आणि मी गेले नाही तर विधेयक बारगळेल.”

धाकटीनं लॅपटॉपवर तो व्हिडिओ लावला, एक पुठ्ठा पडद्याच्या मधोमध धरला आणि बाईंची आकृती पूर्ण झाकून उरलेलं पाहिलं. पुस्तकांचं कपाट. त्यावर टेबल टेनिसची ढाल, नाव ठळक वाचता येत होतं. बाजूला कोरी भिंत.

“ढालीवर कुणाचं नाव?”

“माझ्या नवऱ्याचं. गेल्याच महिन्यात जिंकली त्यानं.”

“ही खोली कोण कोण बघतं?”

“घरात मी, नवरा आणि आमची चिमणी. ती आठ वर्षांची आहे. बाहेरचे दोघंच. चळवळीच्या मीटिंग मी तिथूनच घेते, त्यात आमच्या वकीलबाई आणि व्हिडिओ जोडणारे संकलक असतात. रेकॉर्डिंगही त्या दोघांकडेच.”

तासाभरात दोघी जावा त्या खोलीत उभ्या होत्या. कपाट तिथंच, ढाल तिथंच. फक्त भिंत कोरी नव्हती. तिच्यावर पांढऱ्या लांब दाढीच्या, फेटेवाल्या गृहस्थांचा फोटो होता.

थोरलीनं भक्तिभावानं हात जोडले. “सासरे का?”

“आमची चिमणी आहे ती,” भूगोलबाई त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या असाव्यात. “शाळेच्या नाटकात राजा झाली होती. वर्ष झालं, तिथून कुणाला हलवू देत नाही.”

धाकटी हसली नाही. ती फोटोकडे बघत राहिली.

आधी नवरा आला. नीटनेटका माणूस, शर्टाची घडीसुद्धा न मोडलेली. “खरं सांगू? मला तिचा हेवा वाटतो. ऑफिसात माझी ओळख काय, तर भूगोलबाईंचे मिस्टर! पण आता त्या व्हिडिओत माझी ढाल दिसतेय, नावासकट. साहेबांनी बोलावून विचारलं. मान खाली घालून उभा होतो.”

“बघ, ह्यानंच केलंय,” थोरली नंतर कुजबुजली. “पोटात दुखतंय त्याच्या.”

मग संकलक आले. चळवळीचे सगळे व्हिडिओ तेच जोडत. “चळवळीत बाईंचं वजन फार झालंय हल्ली,” ते कुरकुरले. “मी रात्रंदिवस राबतो, आणि नाव त्यांचं. खोली? बघितलीय ना, मीटिंगमध्ये. मागे त्यांच्या आजोबांचा फोटो असतो तो, दाढीवाला. एकदा म्हणालो होतो, जरा बाजूला करा, मुलाखतीत उठून दिसतो.”

“हाच तो,” थोरलीनं डोळ्यांनीच खुणावलं.

शेवटी वकीलबाई. विधेयकाचा मसुदा त्यांचाच. तीन वर्षांपूर्वी त्यांचा असाच व्हिडिओ फिरला होता. वकिली बसली, लग्न मोडलं. तेव्हा भूगोलबाई शेजारी उभ्या राहिल्या आणि चळवळ तिथूनच सुरू झाली. त्या आल्या त्याच मैत्रिणीला मिठी मारत आणि “आमचा दाढीवाला राजा कुठाय?” असं चिमणीबद्दल विचारत.

“तुमच्याकडे बायका पुरावे घेऊन येतात. ते पुढे दाखवताना काय काळजी घेता?” धाकटीनं विचारलं.

“मुलं दिसू द्यायची नाहीत. हा माझा नियम. आणि धुरकट नाही करायचं, त्यानं लोक उलट डोळे फाडून बघतात. शेजारचाच तुकडा वर चिकटवायचा. तिथं काही होतं हे कळताच कामा नये. मी स्वतः करते ते, संकलकांनी शिकवलंय.” मग त्या मैत्रिणीकडे वळल्या. “तू उद्या नको जाऊस. विश्रांती घे. तुझ्याऐवजी मी बोलेन. तसंही ते सगळं माझंच आहे.”

थोरलीच्या कपाळावर आठी पडली. हे वाक्य तिला ओळखीचं वाटलं. पाटी पुसताना ती मनात असंच काहीसं म्हणायची.

धाकटीनं सगळ्यांना खोलीत बसवलं.

“हा फोटो वर्षभर इथून हललेला नाही, आणि ढाल तर गेल्याच महिन्यातली,” ती म्हणाली. “पण व्हिडिओत ही भिंत कोरी आहे. म्हणजे करणाऱ्यानं तो मुद्दाम पुसला. का? बाकीची खोली तर तशीच ठेवली, लोकांना पटावं म्हणून.”

धाकटीनं फोटोकडे बोट दाखवलं.

“आईची अब्रू वेशीवर टांगणाऱ्या त्या माणसाला मुलीचा चेहरा मात्र जगापुढे जाऊ द्यायचा नव्हता. पण त्यासाठी हे दाढीवाले गृहस्थ म्हणजे मुलगी आहे, हे माहीत हवं. आमच्या जाऊबाईंनी तर नमस्कार केला. संकलकसाहेब, तुम्ही भिंतीबद्दल कुणी विचारायच्या आधीच आजोबा म्हणालात. आजोबांना पुसायचं तुम्हाला कारण नव्हतं.”

“मुलगी आहे ती?” संकलक उठून फोटोजवळ गेले.

“हेवा तर तुम्हालाही होता,” ती नवऱ्याला म्हणाली. “पण मुलीचा फोटो आठवणीनं पुसणारा माणूस हातासरशी स्वतःचं नावही पुसतो. तुम्ही तर नक्कीच. राहिलं कोण? जिला चिमणी माहीत आहे, ढालीशी घेणंदेणं नाही आणि जिचा हात सवयीनंच भिंत चिकटवतो.”

“हा काही पुरावा नाही,” वकीलबाई म्हणाल्या.

“नाहीच. पुरावा तुमच्या लॅपटॉपमध्ये असेल. पोलिसांना कुठं बघायचं एवढंच मी सांगणार.”

वकीलबाईंनी उठून मैत्रिणीकडे पाहिलं, आणि त्यांचा बांध फुटला.

“माझ्यावर झालं तेव्हा मी दार लावून बसले होते. तू माझी गोष्ट सांगितलीस आणि टाळ्या तुला! किती छान बोलते म्हणतात. छान बोलशील नाही तर काय, तुझ्या अंगावर काही आलंच नव्हतं! एकदा तुला कळावं वाटलं. एकदाच.”

“कळलं,” भूगोलबाई म्हणाल्या.

“मग तक्रारीत माझं नाव नको देऊस. बाहेर गेलं तर विधेयक बुडेल. माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी म्हणते.”

भूगोलबाईंनी टेबलावरचा विधेयकाचा मसुदा उचलला.

“जवळच्या माणसाच्या सांगण्यावरून तक्रार दडपता येणार नाही, हे कलम तू घातलंस. मी भांडले होते तुझ्याशी, फार कडक आहे म्हणून. तू म्हणालीस, जवळचेच गळ घालतात, तेव्हा बाईला आधाराला हे कलम लागतं.” त्यांचा आवाज आता स्वच्छ फुटला होता. “उद्या मी आधी तेच वाचणार आहे.”

वकीलबाई खाली बसल्या. त्यांना पाणी चिमणीच्या बापानं आणून दिलं.

दोघी जावा घरी परतल्या. दाराशी आल्यावर थोरलीनं फडकं उचललं, पाटीकडे पाहिलं आणि ते धाकटीच्या हातात दिलं.

“काय झालं, जाऊबाई?”

“रोज पुसताना मनात येतं, जरा जोरात घासावं. नाव जाईस्तोवर.” थोरलीनं चपला काढल्या. “उद्यापासून तू पूस.”