बंद न झालेली फाईल

मावशीला फक्त कार्ड रिकामं करायचं होतं. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती उरलंय ते सांगणारी डबी तिला बनवायची होती, आणि तिच्यात घालायला नखाएवढं मेमरी कार्ड हवं होतं. टेलिफोन खात्यात तीस वर्षं तारा जोडून निवृत्त झालेली बाई. काडेपेटीएवढ्या संगणकाला, म्हणजे मायक्रोकंट्रोलरला हुकूम सोडायला ती पासष्टीनंतर शिकली, तेही पुस्तकं चाळून, बोटं भाजून घेऊन. कुणाला विचारायला गेली नाही. गेली असती तर शिकवणाऱ्यालाच चार चुका दाखवून आली असती.

हे कार्ड धाकट्या बहिणीच्या खोलीतलं. धाकटीनं अंथरूण धरलं तेव्हा मावशीनं तिच्या उशाशी माईक आणि आवाज कार्डावर साठवणारी डबी लावली होती, किती खोकली ते डॉक्टरांना नेमकं सांगता यावं म्हणून. दर तासाला नवी फाईल, तास भरला की ती बंद. मध्येच विजेची तार निघाली तर त्या तासाचं काही उरणार नाही, हे तिला कळत होतं. पण तार निघतेय कशाला, म्हणून तिनं तसंच ठेवलं.

त्या दुपारी औषधं घेऊन ती परतली तेव्हा धाकटी गार पडली होती. भान सुटून मावशीनं तारच उपटली. दोनच्या तासाची फाईल उघडी ती उघडीच राहिली. आकार शून्य.

याला दोन महिने झाले. धाकटीची मुलगी आज बाहेरच्या खोलीतलं आईचं कपाट आवरायला आली होती, पण हात कमी आणि तोंड जास्त चालत होतं.

"मावशी, आई गेली तेव्हा तू कुठं होतीस?"

"औषधाच्या दुकानात. शंभरदा सांगितलंय."

"वीस मिनिटांच्या कामाला तास?"

"रांग होती. तुझ्या आईच्या गोळ्या काही झाडाला लागत नव्हत्या."

"तिनं हाक मारली असेल गं तुला..."

मावशीनं माईकची ती डबी कार्डासकट संगणकाला जोडली आणि फाईलींची यादी मागवली. रांगेनं नावं उतरली. दोनच्या फाईलीपुढे शून्य असायला हवं होतं. तिथं आठ आकडी संख्या होती.

तिनं यादी पुन्हा मागवली. संख्या वाढली होती. पुन्हा मागवली. आणखी वाढली.

माईक तर तिच्या मांडीवर होता. सुटा, तार गुंडाळलेला.

"ही दोन वाजताची ना?" भाची मागे येऊन उभी होती.

"पुसायची आहे ती. रिकामी आहे."

"रिकामी कुठंय?" भाचीनं डबीतून कार्ड काढून संगणकाच्या खाचेत सरकवलं आणि फाईल लावलीसुद्धा.

आधी पंखा ऐकू आला, धाकटीच्या खोलीतला, कुरकुरणारा. मग श्वास. खोलीत कुठूनसा बामाचा वास आला.

"ताई... पाणी दे गं..."

आणि फट्... फट्... चपला. मावशीच्या डाव्या चपलेचा पट्टा सैल होता.

"आले गं, आले."

आवाज मावशीचा. तोच घोगरा, शेवटच्या 'आले'ला वर चढणारा. भांडं वाजलं. दोन घोट ऐकू आले.

भाचीला हुंदका फुटला. "तू होतीस! मावशी, तू होतीस तिच्याजवळ! आणि मी तुला काय काय बोलले गं..." तिनं मावशीच्या गळ्यात हात टाकले.

त्या दुपारी दाराला बाहेरून कुलूप होतं आणि ते मावशीनंच येऊन काढलं होतं, हे सांगायला हवं होतं. जन्मात कुणाची भीड ठेवली नव्हती तिनं. पण दोन महिन्यांनी कुणी तिला जवळ घेतलं होतं. तिनं भाचीच्या पाठीवरून हात फिरवला.

भाची डोळे पुसत तोंड धुवायला गेली. फाईल चालूच होती.

"झोप तू. ताई जिन्यात आहे."

"मग... तू कोण?" धाकटीनं विचारलं.

तोच घोगरा आवाज उशाजवळ आला.

"ती एकटी पडेल ना आता... मी बसेन तिच्यापाशी."

कुलूप उघडलं. औषधांची पिशवी पडली. मावशीनं स्वतःचीच किंकाळी ऐकली, मग तार उपटल्याची खरखर. इथं सगळं संपायला हवं होतं.

संपलं नाही. श्वास चालूच होता, अगदी जवळ. आणि त्याच्यावर भाचीचा आवाज, आजचा, मघाचाच...

"मावशी, आई गेली तेव्हा तू कुठं होतीस?"

मावशीनं कार्ड ओढून काढलं.

"पाणी आण गं..." ती कशीबशी म्हणाली.

न्हाणीघरात नळ अजून वाहत होता. भाचीला ऐकू गेलं नसावं.

"आले गं, आले," धाकटीच्या बंद खोलीतून उत्तर आलं.

फट्... फट्...

मावशीनं टेबलाखाली पायांनी चाचपलं. मघाशी काढून ठेवलेल्या चपला तिथं नव्हत्या.