कारभारीच्या मैदानातली डबी

जिनिंगचा वजनकाटा आता सकाळशिवाय सुरू होत नाही, पोरहो. पुढं गाडी, मागं गाडी, मधात आपला कापूस. निघतो म्हटलं तरी निघता येत नाही. त्यापेक्षा एक गोष्ट ऐका. माह्यासंग नाही घडली, पण ज्याच्यासंग घडली तो काही परका नाही. फकीर मोहम्मद शेटच्या ट्रकवर मी जिंदगी काढली, त्यांचाच पोरगा अरसलान.

साल सतरा. गुलाबी बोंडअळीचं. कार्तिकातली अमावस्या अन् वरून शनिवार. अरसलानच्या बहिणीचं, समीनाचं लग्न तोंडावर आलं होतं. तो अन् त्याचा मावसभाऊ मोईज मोटरसायकलवर मेहकरले पत्रिका वाटाले गेलते. जेवणखाण करून परत चिखलीले निघाले तेव्हा नऊ वाजले असतील.

मोईज पुण्याच्या कंपनीत. त्याले एक नाद. मोबाइलवर नकाशा पाहायचा, कोणीतरी लपवलेली डबी शोधायची, आत आपली एखादी वस्तू टाकायची अन् परत तिथंच लपवायची. मिळत काहीच नाही. रिकामा न्हावी भिंतीले तुंबड्या लावी, दुसरं काय!

वाटेत एका गावाजवळ मोबाइल वाजला. गावाचं नाव सांगत नाही, तिथं माही सोयरीक आहे. डबी कारभारीच्या बागेत होती.

कारभारी म्हणजे कबड्डीचा गडी. चढाईले गेला का समोरचे थकायचे, ह्याचा दम सुटत नव्हता. बीटीले फवारा लागत नाही असं ऐकून त्यानं बियाणं पेरलं. मंग मावा आला, तुडतुडे आले, फवारणी आलीच. दिवसभर फवारता फवारता कापसाच्या पऱ्हाटीतच त्याचा दम कोंडला. गावानं वर्गणी करून त्याच्या नावानं बाग केली अन् मधात कबड्डीचं मैदान आखलं. पण गाव एक गोष्ट पाळते. तिथं चढाईचा दम कोणी धरत नाही. पोरं खेळली तं लंगडी खेळतात.

हे मोईजले काय माहीत? मोबाइलवर खूण लिहेल होती, 'बोनसच्या रेघेमागं, दगडाखाली. एका दमात जा, एका दमात या.'

"चल बे, अब्बा वाट पाहून राह्यले," अरसलान म्हणे.

"दोन मिनटं रे. शाळेत मीच जात होतो ना चढाईले."

तिन्ही बाजूनं माणसाहून उंच पऱ्हाटी. मोईजनं मधल्या रेघेले हात लावला, कपाळाले लावला अन् शिरला आत. कबड्डी, कबड्डी, कबड्डी... दगड उचलला. डबी सापडली. हसतच मागं वळला.

अन् तिथंच अडकला.

अरसलान रेघेच्या अलीकडे उभा. मोबाइलच्या उजेडात त्याले दिसे का मोईज धावून राह्यला, पण जवळ काही येत नाही. आधी तो हसला. "नाटकं नको करू बे."

मोईजच्या तोंडात कबड्डी चालूच. डोळे मात्र अरसलानवर. दम सोडता येईना. रेघ हाती लागेना. फवाऱ्याच्या औषधाचा वास सुटला. मैदानात दुसरं कोणी नव्हतं, तरी मोईज अंग चोरत होता. पाय वाचव. हात वाचव. जशी साखळी आवळत चालली त्याच्याभोवती.

अरसलानले भेव वाटलं. लई भेव. आत जाव म्हटलं तं पाय उचलेना.

"हात दे! मोईज, हात दे!"

कबड्डी... कबड्डी...

आवाज बारीक झाला.

कबड्डी...

क...

मोईज आडवा पडला. बोटं रेघेपासून वीतभर दूर. दम सुटला.

सगळं गप्प. रातकिडेसुद्धा.

कबड्डीचा कायदा तुम्हाले माहीत आहे, पोरहो. इकडचा एक बाद झाला, का तिकडचा बाहेर बसेल एक गडी उठते...

बाजूच्या अंधारात कोणीतरी उठलं.

मांडीवर शड्डू वाजला. एकच.

अरसलाननं डोळे मिटून मोईजचं मनगट ओढलं. आता तो सहज आला. जित्ता होता. मोटरसायकल तिथंच टाकली अन् त्याले खांद्यावर घेऊन अरसलान गावात पळाला.

मोईज वाचला. समीनाच्या लग्नातही जेवला. पण आजही सलग बोलत नाही. मधातच थांबते, अन् मंग... पुढचं बोलते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शेटनं मोटरसायकल आणाले मले पाठवलं. गवत दवानं भिजेल होतं. बाद झालेले गडी मैदानाबाहेर जिथं बसतात, तिथून अनवाणी पावलं निघाली होती. तिथवर येणारं एकही पाऊल नव्हतं. रेघेची फक्की ओल्या तळव्याले चिकटेल, म्हणून पांढरी फेक पावलं. फाटकातून बाहेर. पुढं काळ्या डांबरावर तं साफ दिसत होती.

कारभारीचं घर डाव्या हाताले. पावलं उजवीकडे वळेल होती.

चिखलीकडे... आपल्या इकडे.